सहा जुने पीसी, बळ्ळारी नाला आणि परमवरचं खातं

सुपरकॉम्प्युटरवर खातं काढायचं असेल तर अर्ज कुठं करायचा, असं चिक्कोडी, निपाणी, खानापूरकडच्या बऱ्याच मास्तर मंडळींनी आणि पीएचडी करणाऱ्या मुलामुलींनी विचारलं. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते. ऑगस्ट २०२४ मध्ये मी सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये माझी शेवटची रन (प्रोग्रामची एक पूर्ण फेरी) झाली. या काळात अर्जापेक्षा कितीतरी जास्त वेळ प्रोग्राम नीट करण्यात गेला, आणि ते जवळपास सगळं काम आमच्या लॅबमधल्या जुन्या पीसींवर झालं. तिथं ते होऊ शकलं, कारण लॅबमधले प्रोसेसर आणि मोठ्या यंत्रावरचे प्रोसेसर एकमेकांशी ज्या रीतीनं बोलतात ती रीत एकच आहे. तिचं नाव एमपीआय, म्हणजे मेसेज पासिंग इंटरफेस. अर्जाचे कागद हुडकायच्या आधी हे शिकून घ्या, एवढाच माझा आग्रह.

मी बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएचडी करते. विषय आहे बळ्ळारी नाला. बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच की येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर, जुने बेळगाव या शिवारांतलं पाणी घेऊन हा नाला पुढं मार्कंडेय नदीला मिळतो, आणि ही बेळगाव बासमतीची जमीन आहे. जुलैचा पाऊस लागला की गाळानं आणि जलपर्णीनं भरलेला नाला तुंबतो, पाणी उलटं शेतात शिरतं आणि पेरलेलं भात कुजतं. आमच्या सासऱ्यांची थोडी जमीन शहापूर शिवारात आहे. विषय सांगितल्यावर ते म्हणाले, "पाणी चढतंय कवा ते आम्हाला बी कळतंय. उतरतंय कवा ते सांग की." गाईड सर कन्नड बोलणारे, पण हे वाक्य त्यांना मराठीतच ऐकवलं. त्यांनी प्रबंधाचा मुख्य प्रश्नच तसा मांडायला लावला: कुठल्या शेतात पाणी किती तास उभं राहतं?

यात सुपरकॉम्प्युटर कशाला, हा प्रश्न आमच्या विभागातही आला. त्याचा हिशेब असा. दहा किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद भाग घेतला आणि त्याचे दोन-दोन मीटरचे चौकोन पाडले, तर ५,००० गुणिले ४,०००, म्हणजे २ कोटी चौकोन होतात. प्रत्येक चौकोनात पाण्याची खोली आणि दोन दिशांचा प्रवाह अशा तीन संख्या सांभाळायच्या. दोन मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला साधारण ४.४ मीटर जाते. गणित फुटायचं नसेल तर वेळेच्या एका टप्प्यात लाटेनं एक चौकोनही ओलांडता कामा नये. म्हणून टप्पा सुमारे ०.३ सेकंदाचा. ७२ तासांच्या पावसाला असे साडेआठ लाखांवर टप्पे लागतात. एक कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे गणित करणारा भाग) सेकंदाला कोटीभर चौकोन उरकतो असं धरलं, तर एका पावसाला वीस दिवस. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट, टप्पे दुप्पट आणि काम आठपट.

एकच पाऊस चालवायचा असता तर लॅब पुरली असती, हे प्रामाणिकपणे सांगते. पण नाला साफ असेल तर, नसेल तर, मोऱ्या रुंद केल्या तर, ऑगस्ट २०१९ सारखा पाऊस आला तर, अशा कितीतरी परिस्थिती चालवायच्या होत्या. अर्जात हेच कारण चाललं. "मोठं यंत्र वापरून बघायचंय" हे कारण कुठंच चालत नाही.

ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ वाचनात गेले. गणपतीच्या सुट्टीत मी एमपीआयचा इतिहास वाचला आणि कामाच्या दृष्टीनंही त्याचा उपयोग झाला. १९९१ मध्ये पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेनं परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला तेव्हा एमपीआय जन्मालाही आलेलं नव्हतं. त्या यंत्रातले ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर संदेशांनीच बोलायचे, पण जगभर प्रत्येक यंत्राची संदेश पाठवायची लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) वेगळी होती. इंटेलची एनएक्स, आयबीएमची वेगळी, शिवाय पीव्हीएम, पी४, पारमॅक्स. यंत्र बदललं की प्रोग्राम नव्यानं लिहायचा. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला यावर एक बैठक झाली. पुढं चाळीसेक संस्थांतली साठेक माणसं वर्षभर भेटत राहिली, नोव्हेंबर १९९३ मध्ये सुपरकॉम्प्युटिंग परिषदेत मसुदा ठेवला गेला आणि १९९४ मध्ये एमपीआयची पहिली आवृत्ती आली. हे सॉफ्टवेअर नव्हे, करारनामा आहे. कुठलं फंक्शन कुठली हमी देतं एवढंच त्यात लिहिलंय. ती हमी पाळणारी सॉफ्टवेअर वेगवेगळी आहेत: आर्गॉन प्रयोगशाळेचं एमपीआयसीएच, बऱ्याच संस्थांनी मिळून चालवलेलं ओपन एमपीआय, ओहायो स्टेटचं एमव्हापिच, इंटेलचं आपलं.

मानकाची, म्हणजे या करारनाम्याची, पीडीएफ फुकट मिळते. मी सुरुवात केली तेव्हा ४.१ ही नोव्हेंबर २०२३ ची आवृत्ती चालू होती आणि तिची पानं अकराशेच्या वर. घाबरू नका, सगळं कोणीच वाचत नाही. इनिट, फायनलाइझ, कॉम_साइझ, कॉम_रँक, सेंड आणि रिसीव्ह या सहा फंक्शनांवर बरंच काही लिहिता येतं. तिसरं प्रकरण, म्हणजे एका प्रोसेसकडून (प्रोग्रामच्या एका चालू प्रतीकडून) दुसऱ्या प्रोसेसकडं संदेश कसा जातो ते, मात्र शांतपणे वाचा. मधेमधे तिरप्या अक्षरात "वापरणाऱ्यांना सल्ला" अशा अर्थाचे परिच्छेद येतात. कुठल्याही व्हिडिओपेक्षा मला त्यांनीच जास्त शिकवलं.

ऑक्टोबरमध्ये लॅब मागितली. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांच्या एका लॅबमध्ये बदलून ठेवलेले चार कोअरचे सहा पीसी पडून होते. विभागप्रमुखांना अर्ज, त्यावर दुसऱ्या विभागप्रमुखांची "हरकत नाही", मग प्राचार्यांची सही. पीसी डेड स्टॉकच्या यादीत गेलेले होते, त्यामुळं स्टोअरकीपरनी वेगळी नोंद करून घेतली. आठ पोर्टचा गिगाबिट स्विच आणि केबल मिळून सुमारे २,५०० रुपये गेले, तेही खिशातून, कारण खरेदीची फाईल फिरेपर्यंत सेमिस्टर संपलं असतं. सगळ्यांवर उबुंटू २२.०४ टाकलं. त्यासोबत ओपन एमपीआय ४.१ येतं. इथं एक सूचना: सगळ्या पीसींवर ओपन एमपीआयची नेमकी एकच आवृत्ती असू द्या, पासवर्डशिवाय एसएसएच (एका पीसीवरून दुसऱ्यावर लॉगिन) चालू करा आणि प्रोग्रामचा फोल्डर एनएफएसनं (नेटवर्कवरून फोल्डर वाटून घ्यायच्या सोयीनं) सगळ्यांना एकच दिसू द्या. यातलं एक जरी राहिलं तरी येणाऱ्या चुकीच्या संदेशावरून खरं कारण कळत नाही.

१ नोव्हेंबरला शहरात एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं काळ्या दिनाची मूक फेरी आणि कॉलेजला सुट्टी. लॅब मोकळी होती म्हणून मी त्या दिवशी चोवीस कोअरवर पहिली मोठी चाचणी लावली. रस्ते बंद व्हायच्या आत पोहोचायला सकाळी लवकर निघावं लागलं, आणि संध्याकाळी घरी जायला टिळकवाडीतून लांबचा वळसा. रात्री वीज गेली, यूपीएसनं वीसेक मिनिटं तग धरला आणि चाचणी गेली. तेव्हाच ठरवलं की दर तासाला सगळी स्थिती फाईलमध्ये उतरवायची, म्हणजे चेकपॉइंट. २ कोटी चौकोन, तीन संख्या, प्रत्येकी आठ बाइट: ४८ कोटी बाइट, अर्ध्या जीबीच्या आत. १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून एमपीआयमध्ये फाईल लिहायची सोय आहे. सगळ्या प्रोसेस मिळून एकच फाईल लिहितात, चोवीस तुकडे नंतर जोडत बसावं लागत नाही.

आता प्रोग्रामबद्दल, कारण खरी दमछाक तिथं आहे.

मूळ कोड मला आमच्याच क्षेत्रातल्या एका जुन्या संशोधकाकडून मिळाला, पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहिलेला. तो कंपाइलच होईना, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात येईना. त्यात एमपीआय_टाइप_स्ट्रक्ट आणि एमपीआय_ॲड्रेस ही फंक्शनं होती. १९९७ मध्येच मानकानं ती जुनी ठरवली होती आणि २०१२ च्या ३.० आवृत्तीत काढून टाकली. ओपन एमपीआयनंही चौथ्या आवृत्तीपासून ती मुळातच दाखवणं बंद केलं. एमपीआय_टाइप_क्रिएट_स्ट्रक्ट आणि एमपीआय_गेट_ॲड्रेस घातलं की झालं, तासाभराचं काम. पंधरा वर्षं आधी सांगून मग काढलं, हे मला आवडलं. आमच्या विद्यापीठांचे सिलॅबस इतक्या सावकाश बदलत नाहीत.

दुसरी अडचण जास्त खोल होती. कामाची वाटणी अशी: नकाशाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक प्रोसेसला एक तुकडा द्यायचा. शेजारशेजारच्या शेतकऱ्यांना एकमेकांच्या सगळ्या शेताशी काही देणंघेणं नसतं, बांधालगत काय चाललंय तेवढं कळलं की पुरतं. तसंच इथं प्रत्येक टप्प्याला फक्त कडेच्या ओळी शेजाऱ्याला पाठवायच्या आणि त्याच्या आपण घ्यायच्या. या उसन्या ओळींना घोस्ट सेल म्हणतात. जुन्या कोडात प्रत्येक प्रोसेस आधी दोन्ही शेजाऱ्यांना एमपीआय_सेंड करायची आणि मग दोघांकडून एमपीआय_रिसीव्ह. तीनशे चौकोन रुंदीच्या नकाशावर हे सुरळीत चालायचं. रुंदी वाढवली की सगळे पीसी शंभर टक्के व्यस्त, आणि पडद्यावर एक ओळही पुढं सरकायची नाही.

याचं उत्तर तिसऱ्या प्रकरणात आहे. साधं सेंड संदेश कुठंतरी उतरवून ठेवून लगेच परत येऊ शकतं, किंवा समोरचा घ्यायला तयार होईपर्यंत थांबू शकतं. मानक दोन्हीला परवानगी देतं. प्रत्यक्षात लायब्ऱ्या छोटा संदेश तसाच पुढं ढकलतात आणि मोठ्यासाठी आधी समोरच्याची तयारी विचारतात. ही सीमा यंत्रागणिक, नेटवर्कगणिक वेगळी असते. म्हणजे दोघं एकमेकांना मोठा संदेश पाठवत उभे राहिले की दोघंही कायमचे थांबले. लहान नकाशावर प्रोग्राम चालत होता तो निव्वळ लायब्ररीच्या कृपेवर, मानकाच्या हमीवर नव्हे. अशा कोडावर विश्वास ठेवून मोठ्या यंत्रावर गेलात तर तिथले तास असेच उभे राहून जळतात.

तपासायची युक्ती सोपी आहे आणि ती सगळ्यांनी करावी. कोडातल्या प्रत्येक एमपीआय_सेंडच्या जागी एमपीआय_एससेंड घाला. हे फंक्शन समोरच्यानं घ्यायला सुरुवात केल्याशिवाय परत येतच नाही. त्यावर प्रोग्राम अडकला तर तो आज ना उद्या कुठंतरी अडकणारच होता. आमचा लगेच अडकला. मग मी एमपीआय_आयरिसीव्ह आणि एमपीआय_आयसेंड वापरून चारही बाजूंची देवाणघेवाण आधी सुरू करून ठेवली, तोवर तुकड्याच्या आतल्या चौकोनांचं गणित उरकलं, मग एमपीआय_वेटॉल (सगळी देवाणघेवाण संपेपर्यंत थांबणं), आणि शेवटी कडेचे चौकोन. आडव्या ओळी मेमरीत सलग असतात, उभ्या नसतात. उभ्यांसाठी एमपीआय_टाइप_व्हेक्टरनं एक नवा प्रकार बनवून घेता येतो, हातानं कॉपी करायला लागत नाही. नकाशाच्या टोकाला शेजारीच नसतो, तिथं शेजारी म्हणून एमपीआय_प्रॉक_नल द्यायचं. त्याला पाठवलेलं कुठंच जात नाही, आणि कोडातले निम्मे "जर-तर" गळून पडतात.

डिसेंबर आणि जानेवारी तुकड्यांचा आकार बदलण्यात गेले. जुना कोड नकाशाच्या आडव्या पट्ट्या पाडायचा. चोवीस प्रोसेसना ते ठीक होतं. पण ४८० प्रोसेस धरल्या तर ४,००० ओळींच्या पट्टीला जेमतेम आठ ओळी येतात, आणि त्यातल्या दोन पाठवायच्याच. त्याऐवजी वीस गुणिले चोवीस असे चौकोनी तुकडे पाडले तर एका तुकड्यात साधारण चाळीस हजार चौकोन आणि कडेला आठशेच्या आसपास. एमपीआय_कार्ट_क्रिएट हे शेजारपाजारचं कोष्टक आपलं आपण मांडून देतं. हे सगळं चोवीस कोअरवरच तपासलं. एकाच पीसीवर जास्तीच्या प्रोसेस लावून ४८० तुकड्यांची वाटणीही बघितली. ते कूर्मगतीनं चालतं, पण उत्तर बरोबर येतंय की नाही एवढं कळतं. मोठं यंत्र हातात नसताना त्याच्यासाठीचा कोड असा तयार होतो.

फेब्रुवारीत पुण्याला एका सरकारी संस्थेचं पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. जायच्या दोन-तीन दिवस आधीच बेळगावजवळ बस कंडक्टरच्या मारहाणीचं प्रकरण झालं, आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्या. कोगनोळी नाक्यापर्यंत जाऊन पलीकडं दुसरी गाडी बघायची असला खेळ आमच्याकडं नवा नाही, पण लॅपटॉप आणि बॅगा घेऊन नको वाटलं. रेल्वेनं मिरजमार्गे गेले. फी, राहणं, जेवण आणि प्रवास धरून साधारण ९,००० रुपये झाले. कॉलेजनं निम्मे परत दिले, त्यासाठी हजेरीचं प्रमाणपत्र आणि तिकिटांच्या मूळ प्रती जपून ठेवाव्या लागल्या. एमपीआयपेक्षा तिथं स्लर्म हे कामांची रांग लावणारं सॉफ्टवेअर शिकायला मिळालं, ते मोलाचं. मोठ्या यंत्रावर आपण थेट प्रोग्राम चालवत नाही. किती नोड (मोठ्या यंत्रातले सुटे संगणक), किती वेळ, कुठली रांग हे एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ती सोपवायची आणि पाळी येईपर्यंत थांबायचं. वेळ गरजेपेक्षा फार जास्त मागितली तर पाळीही उशिरा येते, कारण छोटी जॉब रिकाम्या फटीत बसवता येते, मोठी येत नाही.

अर्ज मार्चअखेर भरला. यंत्र राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेतलं, बेंगळूरूचं. संस्थेचं नाव लिहीत नाही, नियम जागोजागी वेगळे आहेत आणि बदलतात. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांची ही मोहीम मंजूर झाली, आणि देशभरच्या संस्थांत परम मालिकेची यंत्रं बसली ती त्यातून. बाहेरच्या कॉलेजांना त्यांवर वेळ मागता येतो. मुख्य अर्जदार गाईड सर, मी वापरकर्ती. विद्यार्थ्याच्या नावानं अर्ज घेत नाहीत. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र, प्राचार्यांची सही-शिक्का, ओळखपत्राची प्रत, यंत्राचा गैरवापर करणार नाही अशी हमी, आणि कॉलेजचा स्थिर आयपी पत्ता. शेवटच्या रकान्यानं आम्हाला महिनाभर नाचवलं. आमच्या कॉलेजचा पत्ता स्थिर नव्हता, इंटरनेट पुरवणाऱ्याकडून वेगळे पैसे भरून तो घ्यायला लागला, आणि त्याची मंजुरी नव्या आर्थिक वर्षाच्या बजेटात अडकली. तुमचा अर्ज अजून दूर असेल तरी ही चौकशी आजच करा. दुसरं म्हणजे नाव. कॉलेजच्या ओळखपत्रावर माझं आद्याक्षर आहे, आधारवर पूर्ण नाव. एकाच माणसाची दोन नावं आहेत असं प्राचार्यांकडून लिहून आणावं लागलं.

अर्ज एकदा परत आला. कारण रास्त होतं: किती कोअर वाढवल्यावर प्रोग्राम किती पटीनं वेगवान होतो याचा आलेख जोडलेला नव्हता, कारण फॉर्ममध्ये तो मागितलेलाच नव्हता. लॅबच्या चोवीस कोअरवरचे आकडे होते, तेच काढून दिले आणि ४८० पर्यंतचा अंदाज वेगळ्या रंगात दाखवला. कोअर-तासांचा हिशेबही ओळीओळीनं मांडला: ४८० कोअर, एका रनला दोन तास, वीस परिस्थिती, म्हणजे १९,२०० कोअर-तास, आणि चाचण्यांसाठी वर थोडे. एकूण ३०,००० मागितले, तेवढे मिळाले. लाखांत मागणारे लोक असतात. पण मागितलेले वापरता आले नाहीत तर पुढच्या वेळी अवघड जातं, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.

वाट बघण्यात एप्रिल ते जुलै गेले. त्यात परीक्षा, पेपर तपासणी, आणि जूनच्या मध्यावर पुन्हा नाल्याला पाणी. याच काळात, ५ जून २०२५ ला, एमपीआयची ५.० आवृत्ती मंजूर झाली. तिच्यातली मुख्य गोष्ट मला आमच्या लॅबमुळं चटकन कळली. आत्तापर्यंत मानकानं फंक्शनांची नावं आणि अर्थ ठरवले होते, पण कंपाइल झालेल्या फाईलच्या आत ती कशी दिसतात हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं. एमपीआयसीएचमध्ये कम्युनिकेटर (एकमेकांशी बोलणाऱ्या प्रोसेसच्या गटाची खूण) म्हणजे एक पूर्णांक, ओपन एमपीआयमध्ये तोच एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता. म्हणून एकावर बांधलेला प्रोग्राम दुसऱ्यावर तसाच चालत नाही, नव्यानं कंपाइल करावा लागतो. ५.० नं हा आतला साचाही ठरवून दिला. लायब्ऱ्या हे स्वीकारत जातील तसा लॅबमध्ये बांधलेलाच प्रोग्राम उचलून मोठ्या यंत्रावर ठेवता येईल. आमच्या वेळेला ते व्हायचं नव्हतं.

पुढची यंत्रं ज्या दिशेनं चाललीत ती बघितली तर मानकाला का धावावं लागतंय ते कळतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या फ्रंटियर या यंत्रानं सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांचा टप्पा ओलांडला. त्यात नऊ हजारांवर नोड आहेत आणि प्रत्येकात एका प्रोसेसरमागं चार जीपीयू (मुळात चित्रांसाठीचे, एकाच वेळी पुष्कळ गणितं करणारे प्रोसेसर). नोव्हेंबर २०२४ मध्ये एल कॅपिटन हे दुसरं यंत्र त्याच्या पुढं गेलं. अशा यंत्रात बहुतेक गणित जीपीयूवर होतं, आणि तिथले हजारो धागे (थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी छोटी कामं) एकाच मोठ्या संदेशाचे तुकडे वेगवेगळ्या वेळी तयार करतात. २०२१ च्या ४.० आवृत्तीत तुकड्यातुकड्यानं संदेश पाठवायची सोय आली ती यासाठी. त्याच आवृत्तीत मोठ्या संख्यांचीही सोय झाली. जुन्या फंक्शनांत एका वेळी २१४ कोटींच्या वर घटक मोजताच यायचे नाहीत, कारण मोजणी साध्या पूर्णांकात होती. माझ्या कामाला यातलं काहीच लागलं नाही. पण कोड लिहिताना मी मोजणीचे चल सुरुवातीपासून मोठेच ठेवले. ते आज फुकट आहे, उद्या शोधून बदलणं फुकट नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खातं आलं. लॉगिनचा पोर्ट नेहमीचा नव्हता आणि आमच्या कॉलेजच्या फायरवॉलनं तो अडवला. नेटवर्क बघणाऱ्या सरांना लेखी अर्ज, त्यावर प्राचार्यांची सही, आणि आठवडाभरानं पोर्ट उघडला. घरून लॉगिन चालत नाही, त्यामुळं ऑगस्टपासून माझे शनिवार कॉलेजातच गेले.

एका नोडवर ४८ कोअर होते, दहा नोड म्हणजे ४८०. तिथं इंटेलचं एमपीआय होतं. कोडात एक अक्षरही न बदलता तो नव्यानं कंपाइल झाला आणि लहान नकाशाचं उत्तर लॅबशी जुळलं. एवढ्यासाठीच वर सगळा आटापिटा सांगितला. मोठ्या नकाशाची रन हिशेबानं तासाभरात व्हायला हवी होती, झाली पावणेदोन तासांत. कारण कोरडी शेतं. ज्या प्रोसेसच्या तुकड्यात पाणीच नाही तिचं काम क्षणात संपतं, पण पुढच्या टप्प्याचा वेळ सगळ्यांनी मिळून एमपीआय_ऑलरिड्यूसनं (सगळ्यांच्या आकड्यांतून एक उत्तर काढून सगळ्यांना देणाऱ्या फंक्शननं) ठरवायचा असल्यानं ती नाल्याकाठच्या प्रोसेसची वाट बघत बसते. कोअर दुप्पट केले तर वेळ निम्मा झाला नाही, म्हणून ४८० वरच थांबले.

ऑलरिड्यूसनं आणखी एक गंमत केली. नकाशावरच्या एकूण पाण्याची बेरीज २४ प्रोसेसवर आणि ४८० प्रोसेसवर शेवटच्या काही अंकांत वेगळी आली. गाईड सर अस्वस्थ झाले. दशांश अपूर्णांकांची बेरीज कुठल्या क्रमानं केली यावर शेवटचे अंक ठरतात, आणि प्रोसेसची संख्या बदलली की क्रम बदलतो. मानकही इथं हमी देत नाही, एकाच रचनेत तेच उत्तर यावं असा जोरदार सल्ला तेवढा देतं. प्रबंधात यावर एक परिच्छेद घातला. परीक्षक विचारणारच.

सप्टेंबरमध्ये एक नोड मधेच बंद पडला आणि सगळी रन गेली. एमपीआयमध्ये ठरलेली वागणूकच ती आहे: एकाला काही झालं की सगळे थांबतात. चेकपॉइंट असल्यामुळं शेवटच्या तासापासून पुन्हा सुरू केलं. चेकपॉइंट स्क्रॅचवर (यंत्रावरच्या तात्पुरत्या साठवणीच्या जागेत) लिहायचे आणि निकाल लगेच घरी उतरवून घ्यायचे, कारण स्क्रॅचवरच्या जुन्या फाईली ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसल्या जातात आणि त्याची आठवण करून देणारं पत्र येईलच असं नाही. आमच्या इंटरनेटवर एका रनचे निकाल उतरायला रात्र जायची. आरसिंक ही फाईली उतरवायची कमांड वापरा, मधेच तुटलं तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

शेवटची रन नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. कुठल्या शेतात पाणी किती तास थांबतं त्याचे नकाशे तयार आहेत, पण ते मोजलेल्या पातळ्यांशी ताडून झाल्याशिवाय इथं टाकणार नाही. सासऱ्यांना त्यांच्या तुकड्याचा नकाशा दाखवला. एका कोपऱ्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हितं पाणी थांबत नाही, मोरी हाय." मोरी सर्व्हेत आलेली नव्हती. ती घालून त्या भागाची छोटी रन पुन्हा लॅबवरच केली.

खात्याला मार्च २०२६ पर्यंतची मुदत मिळाली. वाढवून हवी असेल तर वापराचा अहवाल, प्रसिद्ध झालेल्या पेपरांची यादी आणि त्यांत मोहिमेचे आभार मानलेल्या ओळीची प्रत लागते. पेपर पाठवतानाच ती ओळ घाला, छापल्यावर घालता येत नाही. वापरलेले कोअर-तास स्लर्मच्या एसॲक्ट कमांडनं काढता येतात. मी ते काढून फॉर्मला जोडलेत, आणि फॉर्म सध्या गाईड सरांच्या टेबलावर सहीसाठी आहे.